चिपसेटवरच्या पंख्याची कुळकथा

पहिले चिपसेट उघडेच चालत. १९८५च्या सुमारास गॉर्डन कॅम्पबेल यांच्या ‘चिप्स अँड टेक्नॉलॉजीज’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने आयबीएमच्या एटी संगणकातल्या ढीगभर सुट्या चिप्सचं काम मोजक्या चिप्समध्ये बसवलं. वेग कमी होता, त्यामुळे उष्णताही बेताची. त्यांच्यावर काही बसवावं असं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

१९९८ सालच्या इंटेल ४४०बीएक्सपर्यंत चित्र पालटलं. प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधली सगळी ये-जा आता चिपसेटमधल्या नॉर्थब्रिज या चिपमधून होत होती. नेमलेला वेग १०० मेगाहर्ट्‌झचा. हौशी मंडळी तो १३३वर नेत. नॉर्थब्रिजवरचा छोटा हीटसिंक मग पुरेना आणि लोक त्यावर पंखा बसवू लागले. गरज ठरवायची कसोटी बोटाची: हीटसिंकवर बोट ठेववत नसेल तर पंखा हवा.

ही कसोटी आजही सांगितली जाते, आणि ती दिशाभूल करते. साठ अंशांच्या आसपास माणसाचं बोट हार मानतं. पुष्कळ चिपसेट मात्र त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला बिनधोक चालतात. पाहायचं असतं ते चिप किती वॉट खाते, हीटसिंक दर वॉटमागे किती अंश वाढू देतो आणि कॅबिनेटमधली हवा मुळात किती गरम आहे, हे. समजा, हीटसिंक वॉटमागे चार अंश वाढू देतो. पाच वॉटची चिप हवेपेक्षा वीस अंशांनी तापेल, अकरा वॉटची चव्वेचाळीसने. कॅबिनेटमध्ये पस्तीस अंश असतील तर दुसरी एकोणऐंशीवर थांबते. नागपूरच्या मे महिन्यात आतली हवा पन्नासला पोचली, की तीच चिप चौऱ्याण्णववर.

२००३मध्ये एएमडीच्या अॅथलॉन ६४ने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात घेतला. चिपसेटचा भार हलका व्हायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी आलेल्या एनव्हिडियाच्या एनफोर्स४ने उरलेलं सगळं, नव्या पीसीआय एक्स्प्रेससकट, एकाच चिपमध्ये कोंबलं. त्यातही अनेक बोर्डांवर तिची जागा नेमकी ग्राफिक्स कार्डाखाली. उंच हीटसिंक तिथे मावेना, म्हणून चार सेंटिमीटरचे चपटे पंखे आले. एवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर गरगरा फिरावं लागतं. तो किरकिरतो, धूळ खातो, बेअरिंग झिजून बोर्डाच्या कितीतरी आधी बंद पडतो. त्यावर २००५मध्ये असुसच्या ए८एन-एसएलआय प्रीमियम या बोर्डाने हीटपाइपचा उपाय काढला: उष्णता नळीतून प्रोसेसरशेजारी न्यायची आणि तिथल्या वाऱ्यावर सोडायची. चिप गरम होते यापेक्षा तिथे वारा पोचत नाही हे खरं दुखणं आहे, हे ओळखणारी ही रचना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणी वाटते.

तो वाराही नंतर आटला. प्रोसेसरचे जुने कूलर बोर्डावर खाली फुंकायचे आणि शेजारच्या चिप्सना आपोआप हवा मिळायची. उभ्या टॉवर कूलरने आणि पाण्याच्या कूलिंगने ती सोय काढून घेतली. मात्र २००९च्या इंटेल पी५५ची डिझाइन मर्यादा ४.७ वॉट इतकीच असल्याने चपट्या हीटसिंकवर भागलं, आणि पंखा दहाएक वर्षं विस्मरणात गेला.

२०१९च्या जुलैमध्ये तो परतला. एएमडीच्या एक्स५७०ने पीसीआय एक्स्प्रेसची चौथी पिढी आणली आणि विजेचा खप अकरा वॉटच्या घरात गेला. जवळजवळ प्रत्येक बोर्डावर पंखा आला. खरेदीदार वैतागले, पण या वेळचे बरेच पंखे तापमान पाहून फिरत किंवा थांबत.

आपणही तापमान पाहूनच ठरवावं: वेगळा पंखा विकत घेण्याआधी जलद एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम कामाला लावून अर्धा तास सेन्सरचा आकडा पाहावा, तोही उन्हाळ्यात. आकडा उत्पादकाच्या मर्यादेजवळ गेला तर आधी धूळ झाडावी, चिप आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट बदलावी, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पंखा वाढवावा. एवढं करूनही आकडा उतरला नाही, तरच चिपसेटला स्वतःचा पंखा द्यावा. २०२१मध्ये उत्पादकांनी मोठे हीटसिंक लावून एक्स५७०चेच बिनपंख्याचे बोर्ड काढले, आणि ते व्यवस्थित चालले.