सुरत, सप्टेंबर 1994 : चोवीस तास

तापीचा पूर ओसरलाय. सखल वस्त्यांत चिखल, कुजका कचरा, मेलेली जनावरं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण ऑगस्टअखेरच सापडलेत.

24 तास शिल्लक. 21 सप्टेंबरच्या सकाळी ज्याला हुडहुडी भरून ताप चढला, त्याचा हा हिशोब. फुप्फुसाचा प्लेग सुरुवातीला साध्या न्यूमोनियासारखा दिसतो. दिवसभरात योग्य औषध सुरू झालं नाही, तर माणूस सहसा हाती लागत नाही.

22 तास. फ्लुओरेसंट रंग जोडलेली प्रतिपिंडं थुंकीच्या काचपट्टीवर टाकली, तर प्लेगचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजळतो. दोन-तीन तासांचं काम. पण प्रतिपिंडं आणि तो खास सूक्ष्मदर्शक जवळ हवा.

12 तास. महापालिकेकडे प्लेगसदृश मृत्यूची खबर आलीय. पाठोपाठ निरोप : वेड रोडवर दहा मृत्यू, पन्नासेकजण गंभीर.

0. 22 तारीख. रात्रीपर्यंत बातमी शहरभर पसरते, टेट्रासायक्लिन दुकानांतून संपतं.

आणखी 24 तासांनी प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूच्या वसाहती कुठे डोळ्यांना दिसू लागतात. तोवर लोक निघालेले असतात. उधना-लिंबायतच्या खानदेशी कामगारांची घरची वाट उधना, चलथाण, बारडोली करत नंदुरबार-जळगावकडे जाते. दोन दिवसांत अंदाजे तीन लाख माणसं सुरत सोडतात. यांतल्या कुणाच्या छातीत प्लेग आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

देशभरात 693 संशयित रुग्ण, 56 मृत्यू. तो प्लेगच होता का, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीनं जिवाणू प्लेगचाच ठरवला.

थुंकी न तपासता शरीरातच जिवाणू उजळवता येईल का? 2011 साली संशोधक निरेन मूर्ती यांच्या गटानं साखरेच्या साखळीला फ्लुओरेसंट रंग जोडून ती उंदरांना टोचली. जिवाणू ती अन्न म्हणून गिळतात, प्राण्याच्या पेशी गिळत नाहीत. त्यामुळे जिवंत उंदराच्या मांडीतला संसर्ग बाहेरून उजळलेला दिसला आणि नुसत्या सुजेपासून वेगळा ओळखता आला. माणसाच्या फुप्फुसापर्यंत मात्र हा प्रकाश बाहेरून पोचत नाही. तिथे अजून थुंकीच तपासावी लागते.

म्हणून गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे मागणी एकच : प्रत्येक जिल्हा रुग्णालयात फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, प्लेगची ताजी प्रतिपिंडं आणि ती वापरणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ ठेवा.