चौघांच्या नावावरची गाणी

आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं मूळ शोधताना १९८० साली थांबून चालत नाही, थेट १९४५पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकी सरकारने एफएम पट्ट्यातला ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झचा भाग शैक्षणिक, बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला. १९४८मध्ये अवघ्या १० वॉटच्या केंद्रांनाही परवानगी मिळाली. पुढे कॉलेजाकॉलेजांत विद्यार्थ्यांनी चालवलेली रेडिओ केंद्रं उभी राहिली. तिथे जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नव्हती, त्यामुळे मोठी केंद्रं ज्या रेकॉर्डना हात लावत नसत त्या बिनदिक्कत वाजायच्या. या केंद्रांवर काय वाजतं याची यादी छापणारं 'सीएमजे' १९७८ साली निघालं. कॉलेज रॉक वाढलं ते या जमिनीत.

जॉर्जिया विद्यापीठाचं गाव अथेन्स. तिथल्या 'वक्स्ट्री' या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक कामाला होता. कलाशाखेत शिकणारा मायकेल स्टाइप गिऱ्हाईक म्हणून यायचा आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या रेकॉर्डच नेमक्या उचलायचा. मैत्री तिथे जमली. माइक मिल्स आणि बिल बेरी मेकॉनच्या शाळेपासून एकत्र वाजवत होते. या दोन जोड्या एकत्र आल्या. ५ एप्रिल १९८० रोजी, प्रार्थना बंद झालेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघांनी पहिल्यांदा लोकांपुढे वाजवलं. बँडचं नाव नंतर शब्दकोश चाळून काढलं.

१९८१चं पहिलं गाणं 'रेडिओ फ्री युरोप' ध्वनिमुद्रित झालं निर्माता मिच ईस्टरच्या आईवडिलांच्या गॅरेजातल्या स्टुडिओत, आणि निघालं 'हिब-टोन' या चिमुकल्या कंपनीकडून. बकची गिटार एकेक तार छेडत झुळझुळत जाते, एकल वादनाची हौस तिला नाही. स्टाइपचे शब्द पुटपुटल्यासारखे, धड कळत नाहीत, तरी मन धरून ठेवतात. कॉलेज केंद्रांनी ते उचलून धरलं आणि व्हॅनमधून गावोगाव फिरणाऱ्या या पोरांना श्रोते तयार मिळू लागले. १९८३च्या 'मर्मर'ला 'रोलिंग स्टोन'ने वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. सगळीकडे 'थ्रिलर' गाजत होता ते हे वर्ष!

मला मात्र या बँडची खरी घडण दिसते ती त्यांच्या हिशेबात. गाणं कुणालाही सुचो, श्रेय चौघांना, नावं आडनावांच्या वर्णक्रमाने: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. पैसाही समान. किती बँड याच प्रश्नावर फुटले! शिवाय बहुतेक बँडांत ड्रमर म्हणजे ठेका धरणारा, एवढंच धरून चालतात. इथे 'एव्हरीबडी हर्ट्स'चा गाभा ड्रमर बेरीने रचला, आणि ध्वनिमुद्रणात ठेका बराचसा यंत्राचा आहे. आपले ड्रम बाजूला ठेवून गाण्याचं भलं पाहणं बेरीला सोपं गेलं, कारण गाण्यात त्याचा वाटा पक्का होता, असं मला वाटतं.

१९८८ साली ते वॉर्नर ब्रदर्सकडे गेले. तीन वर्षांनी आलेलं 'लूझिंग माय रिलिजन' बक मँडोलिन शिकत असताना सापडलेल्या सुरावटीवर उभं आहे, आणि ते जगभर गेलं. कॉलेज रॉक आता कॉलेजपुरतं उरलं नव्हतं.

मार्च १९९५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मंचावर बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो बरा झाला, पण १९९७मध्ये निवृत्त होऊन शेतीकडे वळला. मी गेल्याने बँड मोडणार असेल तर जात नाही, असं त्याने सांगितलं होतं. उरलेल्या तिघांनी ड्रमर आणले ते साथीला, चौथा सदस्य म्हणून कुणाला घेतलं नाही. माझ्या मते पुढचे अल्बम त्या पोकळीशी झगडतच राहिले. २०११मध्ये तिघांनी मिळून बँड थांबवला.

जून २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. गीतकारांचा हा मान चौघांना मिळाला, आणि तो घ्यायला बेरीही हजर होता.