दानाची नोंद

पोथी दान देणाऱ्या घराकडून संग्रहालयाला वस्तुतः दोन गोष्टी मिळतात: एक पोथी आणि दुसरी तिची हकीकत. पोथी कपाटांत सुरक्षित राहते. हकीकत मात्र वेळींच लिहून ठेवली नाहीं, तर दात्याच्या स्मृतीबरोबर लोपते.

वऱ्हाडांत हा प्रश्न केवळ कारकुनी स्वरूपाचा नाहीं. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं 1925 सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील शारदाश्रम या संशोधनसंस्थेचें नांवही त्यांच्याशींच निगडित आहे. ज्या वाङ्मयाचा त्यांनीं परिचय करून दिला, तें शतकानुशतकें मठांतून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केल्यावर इतरांस त्याची वाट मोकळी झाली. अशी पोथी परक्या हातीं देणें म्हणजे मोठा विश्वास टाकणें होय.

शिवाय या ग्रंथांचे पाठ एकसारखे नाहींत. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रांत नाहींशी झाली व अनुयायांनीं तें स्मरणानें पुन्हां सिद्ध केलें, असें पंथाची परंपरा सांगते. त्यामुळें निरनिराळे पिढीपाठ निर्माण झाले. हातीं आलेली प्रत कोणत्या पाठाची, हें ठरवितांना ती कोणत्या मठांतून, कोणाच्या घरून आली ही माहिती फार उपयोगीं पडते.

म्हणून दाननोंदींत अनुक्रमांक, तारीख, दात्याचें नांव व गांव, वस्तूचें वर्णन व स्थिति, आणि दात्यानें घातलेल्या अटी इतकें तरी असावें. तोच अनुक्रमांक पोथीच्या बासनावर असावा. नोंदवही बांधीव असावी. सुटे कागद हरवतात आणि बदलतांही येतात. चूक आढळल्यास खाडाखोड न करतां दुरुस्ती तारखेसह निराळी लिहावी. पावसाळ्याची ओल, वाळवी व कसर हे वहीचेही शत्रूच. तेव्हां ती भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटांत ठेवावी आणि तिची एक नक्कल दुसऱ्या इमारतींत असावी. आज छायाचित्रें घेऊन संगणकावरही प्रत ठेवतां येते; तथापि तेवढ्यानें मूळ वही निरुपयोगी ठरत नाहीं.

एखादे दिवशीं दात्याचा नातू येऊन विचारील, “आमच्या आजोबांची पोथी कोणती?” वहीचें पान उघडून त्यास उत्तर देतां आलें पाहिजे. तें देतां आलें नाहीं, तर पोथी शाबूत असूनही दान हरवलेलें असतें.