बंदिवानाचा स्वभाव आणि आत्मघात

बंदिवानाने आत्मघात केला म्हणजे तो मुळातच दुर्बल मनाचा होता, असा निष्कर्ष तुरुंगाधिकाऱ्यांस सोयीचा असतो. अंदमानातील सेल्युलर कारागृहाचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. अलीपूर बाँबखटल्यातील क्रांतिकारकांना तेथे एकांत कोठडी व कोलूची सक्तमजुरी भोगावी लागली. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी आत्महत्या केली. १९०९ मध्ये फाशीची शिक्षा ऐकून न्यायालयातच गाऊ लागलेले उल्लासकर दत्त त्याच वर्षी भ्रमिष्ट झाले. १९२० मध्ये सुटल्यावर मात्र ते १९६५ पर्यंत जगले. बारींद्रकुमार घोषांसारखे सहबंदी तेथेच तग धरून राहिले. म्हणजे स्वभावभेदाला अर्थ आहेच. तथापि असा आनंदी स्वभावही जेथे मोडला, तेथे प्रथम तपासावी लागते ती तुरुंगाची व्यवस्था. बंदिवानाचे मन त्यानंतर.