तळटीप : एपफ्रदीत

* एपफ्रदीत – हा फक्त पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात भेटतो (२:२५–३० आणि ४:१८). कलस्सैचा एपफ्रास वेगळा. नावांच्या सारखेपणामुळे वाचकांची गल्लत होते. पौल कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने आपली मदत एपफ्रदीताच्या हाती पाठवली. त्या काळी कैद्याच्या अन्नवस्त्राचा भार बहुधा आप्तमित्रांवरच पडे, म्हणून पोचवून परतणे एवढेच त्याचे काम नव्हते. पौलाजवळ राहून त्याची सेवा करायची होती. ही कैद रोममधली मानली (काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया सुचवतात), तर वाट हजाराहून अधिक किलोमीटरची. तो आजारी पडला, मरणाच्या दारातून परतला. मला सर्वांत हलवून सोडतो तो पुढचा तपशील : आपल्या दुखण्याची बातमी गावी पोचली, याचाच त्याला घोर लागला. त्याला परत धाडताना पौल बंधू, सहकारी, सहसैनिक अशा शब्दांत त्याची ओळख देतो आणि अशांचा मान राखायला बजावतो. या साध्या शुश्रूषेसाठी त्याने योजलेला ग्रीक शब्द मंदिरातल्या उपासनेलाही लागू होतो. जिवाची पर्वा न करणे या अर्थी इथे आलेल्या क्रियापदाशी ‘पाराबोलानी’ या नावाचे नाते आहे. पुढे अलेक्झांड्रियात रुग्णसेवा करणाऱ्या ख्रिस्ती सेवकांना ते मिळाले. इ.स. ४१६च्या रोमी कायद्याने त्यांची संख्या ५०० पर्यंत मर्यादित केली. – संपादक