कमानीतला ऐन

यंत्राला धातू कळतो, इतिहास कळत नाही. उन्हाळी सुट्टीत कोकणच्या वाळूत मी पहिल्यांदाच मेटल डिटेक्टर फिरवला, तेव्हा हे पटले. आवाज आला की उकरायचे. निघाली ती बाटल्यांची बुचे आणि गंजका खिळा.

आमच्या किल्लारीला समुद्र नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसांसह पिढ्यान्‌पिढ्यांचे किडूकमिडूकही ढिगाऱ्याखाली गेले. अशा जुन्या गावाच्या मातीत एखादे नाणे सापडले, तर ते वाचणार कोण?

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. चलन होते हाली सिक्का. रुपयावर चारमिनार आणि त्याच्या कमानीत एकच अक्षर: ‘ऐन’, म्हणजे उस्मान अलींचे आद्याक्षर. त्याआधीच्या महबूब अलींच्या नाण्यावर ‘मीम’. आज ही लिपी पाहून कुणी त्याला परक्यांचे नाणे म्हणतो. पण इथल्या मराठा, लिंगायत, दलित, मुसलमान अशा सर्वांची ज्वारी याच रुपयाने विकली गेली, मजुरी आणि साराही यानेच चुकता झाला. राजा कुणीही असो, घाम इथलाच होता.

जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते; कुठे आणि कधी सापडले, तेही. हे कलम मला मोलाचे वाटते. जागा हरवलेले नाणे फक्त चांदी उरते. जागा आणि अक्षर दोन्ही जपले, तर ते गावाचा दस्तऐवज होते.