दवाखान्यात कॉम्प्युटर आला, पण तुमची फाईल कुणाच्या ताब्यात? डॉक्टर आणि पेशंट दोघांनी वाचावं असं

अहिल्यानगर : दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. त्यात बीपीची, शुगरची गोळी चालू असलेली माणसंही असतात. फडावर तब्येत बिघडली की तिथला डॉक्टर पहिलं विचारतो, "आधी काय चालू होतं?" उत्तर मिळतं, "पांढरी बारीक गोळी होती बघा." चिठ्ठी मात्र घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेली. पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर पाहिजे ती यासाठी. प्रश्न असा की छोट्या दवाखान्यानं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, त्याचे पैसे कसे मोजावेत आणि त्यात पेशंटचा हक्क कुठं येतो.

आभा म्हणजे पाच लाखांचं कार्ड नव्हे

इथं गावोगावी गल्लत होते. आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजना उपचाराच्या खर्चासाठी आहे. आभा हा १४ अंकी नंबर फक्त तुमच्या तब्येतीच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे. केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. नंबर फुकट निघतो आणि काढायची सक्ती नाही. तुमचे कागद दिल्लीत एका ठिकाणी गोळा होत नाहीत. ते ज्या दवाखान्यात तयार झाले तिथंच राहतात, आणि तुम्ही मोबाईलवर परवानगी दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. ही परवानगी ठराविक दिवसांपुरती देता येते, नंतर काढूनही घेता येते.

मात्र हे सगळं चालायला डॉक्टरांचं सॉफ्टवेअर आभाशी जोडलेलं असावं लागतं. नसेल तर ते नुसतं बिल छापायचं मशीन.

डॉक्टरसाहेब, सही करण्याआधी

दवाखान्याची आणि स्वतःची सरकारी नोंदणी आधी करून घ्या, ती मोफत आहे. मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : "उद्या मी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझ्या सगळ्या पेशंटचा डेटा मला कशात देणार आणि त्याचे किती घेणार?" उत्तर लेखी घ्या. यात भले भले फसतात. पहिलं वर्ष स्वस्त असतं, दुसऱ्या वर्षी भाडं वाढतं, आणि तोवर हजारो पेशंटच्या नोंदी आत अडकलेल्या असतात. भारत सरकारनं अशा नोंदींचे मानक नियम २०१६ मध्ये सुधारून जाहीर केलेत. डेटा एफएचआयआर या मानक स्वरूपात बाहेर काढता येतो का, एवढं विचारलं तरी समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

पैशाचा हिशोब वरच्या आकड्यावर करू नका. समजा वर्षाचं भाडं १२ हजार सांगितलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,१६० झाले. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नसल्यामुळे हा कर डॉक्टरला परतही मिळत नाही. रोज ४० पेशंट आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर पेशंटमागे सव्वा रुपयाच्या आत खर्च येतो. हे परवडतं. पण एसएमएसचे वेगळे, दुसऱ्या डॉक्टरच्या लॉगिनचे वेगळे, जुना डेटा चढवायचे वेगळे, असं निघत गेलं की आकडा कुठल्या कुठं जातो. प्रिंटर आणि इन्व्हर्टर आहेतच. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात किंवा लाईट-नेटचा भरवसा नसलेल्या कुठल्याही गावात, नेट नसताना चालतं का हे स्वतः वायर काढून बघा. डेमोवर विश्वास नको.

स्वस्तातले पर्यायही आहेत. बाह्मनी हे खुलं सॉफ्टवेअर छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या ग्रामीण रुग्णालयासाठी तयार झालं. त्याला परवान्याचे पैसे नाहीत, पण बसवायला जाणकार माणूस लागतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या ई-सुश्रुतची छोट्या दवाखान्यांसाठी हलकी आवृत्ती २०२५ मध्ये पुढं आली, तिचीही चौकशी करा. खासगी कंपनी पूर्ण फुकट देत असेल तर तिची कमाई कशातून होते ते विचारायला लाजू नका.

बोलून लिहिणारं सॉफ्टवेअर

डॉक्टर बोलतात आणि स्क्रीनवर चिठ्ठी उमटते, अशी सॉफ्टवेअरं आता भारतीय उच्चारांवरही तयार झालीत. टायपिंग नको असलेल्या डॉक्टरांना ती सोयीची आहेत. पण आपल्याकडं पेशंट "छातीत चमक निघते", "पोटात कळ येते", "हातपाय गळाले" असं सांगतो आणि डॉक्टर औषध इंग्रजीत बोलतात. ही खिचडी मशीनला झेपते का, हे आपल्याच ओपीडीत, पंखा आणि लेकरांच्या रडण्याच्या आवाजात आठवडाभर तपासा. खरा धोका आकड्यांचा आहे. इंग्रजीतलं फिफ्टीन आणि फिफ्टी ऐकायला जवळ, डोस मात्र तिपटीहून जास्त. म्हणून डोस बोलून नको, हातानं भरा आणि छापण्याआधी वाचा. पेशंटचा आवाज रेकॉर्ड होत असेल तर त्याला आधी सांगितलंच पाहिजे.

पेशंटनं काय मागायचं

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीनुसार ॲडमिट झालेल्या पेशंटची नोंद तीन वर्षं सांभाळावी लागते, आणि पेशंटनं मागितली की ७२ तासांत द्यावी लागते. नोंद कॉम्प्युटरवर असली तरी हाच नियम. "सर्व्हर डाऊन आहे" हे दोन दिवस चालेल, महिनाभर नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आभा काढताना ओटीपी लागतो. तो मशीनवर बसलेल्या माणसाला सांगण्याआधी कशासाठी आहे ते विचारा. म्हाताऱ्या माणसांचा नंबर लेकाच्या मोबाईलवर काढला असेल तर तो लेक कुठं असतो याचा विचार करा. लेक चाकणला कामाला आणि आई फडावर, असं झालं तर परवानगीचा ओटीपी चाकणला जाणार.

आणि चिठ्ठीचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, गोळीच्या पाकिटाच्या नावासकट. फडावर रेंज नसली तरी तो उघडतो.